एका नावाच्या दोघी

सकाळी ऑफिसात येऊन धाकटीनं पर्स खणात टाकली, खुर्ची पुढं ओढली, आणि समोर उघड्याच राहिलेल्या पडद्यावर तिला तिचंच एक वाक्य दिसलं. 'काका, आधी जेवून घ्या, मग आकडा सांगा.' वाक्य तिचं होतं, पण तिनं लिहिलेलं नव्हतं. ती तर आत्ता आली होती; फरशी पुसणारी बाई अजून पुसतच होती आणि ओल्या फरशीवर धाकटीच्या चपलांचे ठसे उमटले म्हणून कुरकुरतही होती. वाक्य गेलं होतं चाकवाल्या काकांना. खाली नाव थोरलीचं, आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'हे उत्तर स्वयंचलित आहे'. खाटांना लागणारी चाकं पुरवणारे हे काका उपाशीपोटी भाव सांगतात तेव्हा चढाच सांगतात आणि दोन घास पोटात गेले की आपणहून खाली येतात, हा शोध धाकटीचा. म्हणून दुपारच्या सुट्टीआधी ती त्यांना हे वाक्य पाठवायची, आणि काकाही मान ठेवायचे, जेवून ढेकर देतच फोन करायचे. एआयच्या नव्या यंत्रणेनं वाक्य उचललं होतं, दुपार उचलायची तेवढी राहिली होती. फोन वाजला. "अहो बाई, दात घासतोय मी आत्ता," काका म्हणाले, "जेवू काय, टूथपेस्ट?" धाकटी हसली. सवयीनंच हसली, काहीतरी सारवासारव करून फोन ठेवला, आणि पडद्यावरचं ते वाक्य पुन्हा वाचलं. आपल्या घरातली वाटी शेजारणीच्या ओट्यावर दिसावी आणि ती आपली आहे हे म्हणायचीही चोरी व्हावी, तसं तिला झालं.

दवाखान्यांसाठी खाटा बनवणाऱ्या त्या कंपनीत खरेदी विभाग म्हणजे या दोघीच. बहिणी नव्हेत, नात्यातल्याही नव्हेत. एक थोडी वयानं मोठी आणि अंगानं भरलेली, म्हणून ती थोरली. दुसरी मागाहून आली, म्हणून धाकटी. कुणीतरी थट्टेत ठेवलेली नावं अशी चिकटली की पगारपत्रक सोडलं तर खरी नावं कुठं ऐकूच येत नसत. कंपनीचा सगळा कारभार एका बड्या सॉफ्टवेअरवर चालायचा. मागणी, भाव, ऑर्डर, पोच, बिल, पत्रव्यवहार, सगळं त्यातच. आणि त्यात शिरायचं तर माणसागणिक वेगळं लायसन्स, त्याचं दर वर्षी वेगळं भाडं. धाकटी कामाला लागली तेव्हाच्या म्हाताऱ्या साहेबांनी ते भाडं ऐकून कपाळाला हात लावला होता. "दोघींत एक नाव चालवा," ते म्हणाले होते, "सख्ख्यासारख्या राहता ना, मग एका ताटात जेवायला काय हरकत आहे?" थोरलीचं नाव आधीपासून होतंच, तेच पुढं चाललं. एका वेळी एकीलाच आत राहता यायचं. दुसरी शिरली की पहिली बाहेर फेकली जायची. त्यामुळे दिवसभर त्यांचं एकच पालुपद. "आत आहेस का गं?" "निघतेच, एवढी ऑर्डर टाकू दे." एक आत असली की दुसरी फोनवर किंवा गोदामात. पासवर्डही निम्मा-निम्मा होता, थोरलीच्या मुलाचं लाडकं नाव आणि त्याला जोडून धाकटीच्या मेलेल्या मांजरीचं. आपल्या मांजरीला थोरलीच्या मुलाशेजारी जागा मिळाली याचं धाकटीला तेव्हा केवढं अप्रूप वाटलं होतं. आता ते आठवून तिला स्वतःचीच कीव आली.

सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीची माणसं अधूनमधून तपासायला यायची, लायसन्सं किती आणि वापरणारी माणसं किती. त्या दिवशी धाकटी गायब. मागच्या गोदामात चाकांच्या खोक्यांमध्ये एक मोडकं स्टूल होतं, त्यावर ती बसून राहायची. नव्या रबराचा तो उग्र, जरासा गोडसर वास डोक्यात चढायचा. पाहुणे चहापाण्यात रमले की थोरली कप फाइलीआड लपवून हळूच गोदामात यायची आणि कुजबुजायची, "बस अजून जरा वेळ. तू अजून जन्माला आलेली नाहीस." आणि मग दोघी तोंडावर हात दाबून अशा हसायच्या की चहा सांडायचा. ते हसणं खरं होतं, याबद्दल धाकटीला आजही शंका नव्हती. पण आज तिला ते वाक्य वेगळं ऐकू येत होतं. इतकी वर्षं दर खेपेला आपण स्वतःच्या पायानं चालत गोदामात गेलो, स्टुलावर बसलो, नसल्यासारख्या झालो, आणि वर हसलो. शाळेत कुणी मुलगी दुसरीच्या नावावर निबंध लिहून द्यायची तर बाई दोघींना उभं करायच्या. इथं उभं करणारं कुणी नव्हतं, उलट साहेबच शाबासकी देत होते. धाकटीला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण ताट एक आहे हे तिनं मनापासून मानलं होतं. एका ताटात जेवणाऱ्यांत ताट कुणाचं हा प्रश्न जेवण संपल्यावरच येतो.

म्हातारे साहेब गेले, नवे आले. हे वयानं लहान, बोलायला मऊ, आणि भिंतीवर चित्रं दाखवून बोलण्याची त्यांना भारी हौस. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सॉफ्टवेअरचं भाडं माणसं मोजून लागतं, मग माणसांनी आत जायचंच कशाला? एआय बसवू. ते मागचा सगळा कारभार वाचेल, कुणी कधी काय केलं ते शिकेल आणि पुढचं स्वतःच करेल. देखरेखीला प्रत्येक विभागात एक माणूस ठेवला की झालं, बाकीची लायसन्सं रद्द, निम्मा खर्च कमी. त्यासाठी एक सल्लागार बाई आल्या, हसऱ्या, कामात चोख. त्या कुणाशी फारसं बोलल्या नाहीत. त्यांना गरजच नव्हती. सॉफ्टवेअरमध्ये सगळं लिहिलेलं होतंच, कुणाच्या नावानं कितीदा शिरले, काय लिहिलं, कुठली अडचण कशी सोडवली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तशी ती यंत्रणा झाली. धाकटीनं वर्षानुवर्षं लिहिलेलं सगळं तिनं घटाघटा पिऊन टाकलं, आणि त्या सगळ्यावर नाव एकच होतं.

ती बैठक धाकटीच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. मोठ्या खोलीचे पडदे ओढलेले, थंडगार हवा, कुणाच्या तरी परफ्यूमचा वास. भिंतीवर खरेदी विभागाचं चित्र पडलं. थोरलीच्या नावाचा निळा खांब वर वर जात पार छताला टेकलेला. शेजारी धाकटीचं नाव, आणि नावावर काहीच नाही, रेघसुद्धा नाही. कुणीतरी खाकरलं. सल्लागार बाई थोरलीकडे वळून म्हणाल्या, "एका माणसानं एवढं काम केलेलं मी तरी कुठं पाहिलं नाही. ते चाकांच्या कारखान्याला आग लागली तेव्हाचं वाचून तर मी थक्क झाले. हॉटेलच्या ट्रॉल्या बनवणाऱ्यांकडून चाकं मिळवायची, हे सुचलं कसं तुम्हाला?" धाकटीला वाटलं, आता. आता थोरली हसेल, माझ्याकडे बोट दाखवेल आणि म्हणेल, अहो हिला विचारा. त्या आठवड्यात थोरली पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात पडून होती, आणि योगायोग असा की त्यांच्याच कंपनीच्या खाटेवर. धाकटी दिवसभर फोन करून घसा बसवून घ्यायची आणि संध्याकाळी तिच्या उशाशी बसून बसक्या आवाजात सगळं सांगायची, कोण नाही म्हणालं, कोण हो म्हणालं, ट्रॉलीवाल्याला पटवताना काय काय थापा मारल्या. थोरली टाक्यांवर हात दाबून धरायची आणि म्हणायची, "हसवू नकोस गं मेले, उसवतील." एवढं सगळं धाकटीच्या डोक्यातून त्या क्षणभरात गेलं. थोरली हसली नाही. तिनं टेबलावरचा पाण्याचा ग्लास जरा सरकवला. "हे सगळं तुमचंच ना?" सल्लागार बाईंनी विचारलं. "हो, म्हणजे," थोरली म्हणाली, "माझ्याच नावावर आहे." खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. धाकटीनं तिच्याकडे पाहिलं, आणि थोरली मन लावून भिंतीवरचं चित्र पाहत होती.

आपण तेव्हाच का बोललो नाही, हा प्रश्न धाकटीनं स्वतःला नंतर पुष्कळदा विचारला. मूग गिळून बसणाऱ्यांतली ती नव्हती; भावावरून तिनं भल्याभल्यांना घाम फोडला होता. पण तिची जीभच उचलली गेली नाही. तपासणीच्या दिवशी नसल्यासारखं व्हायची सवय अंगात इतकी मुरली होती की भिंतीवर आपलं नाव रिकामं दिसल्यावर ते बरोबरच आहे असं क्षणभर तिलाही वाटून गेलं. त्याहून खरं कारण दुसरं होतं. तिला स्वतः सांगायचंच नव्हतं. थोरलीनं सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मात्र ती नव्या साहेबांकडे गेली आणि लायसन्सची सगळी जुनी कथा तिनं सांगून टाकली. साहेबांनी मन लावून ऐकलं, अस्वस्थपणे पेनचं टोपण काढलं आणि घातलं. "हे तुम्ही बाहेर बोललात तर दंड कंपनीला बसेल," ते म्हणाले, "पण माझं म्हणणं ते नाही. तुमच्यावर मी विश्वास ठेवायला तयार आहे. एवढंच करा, थोरल्या मॅडमना मला येऊन सांगू दे की काम दोघींचं आहे. तोंडी चालेल, लेखी नको. मग मी तुम्हाला इथंच ठेवायची वाट काढतो. कमी करायच्या माणसांची यादी शुक्रवारी वर जाईल, त्याआधी." धाकटी बाहेर आली तेव्हा तिला जवळजवळ हलकं वाटत होतं. एक वाक्य तर हवं होतं, तेही थोरलीकडून, जी दिवसाला हजार वाक्यं बोलते. साहेबांनी थोरलीलाही बोलावून विचारलंच असणार, कारण दुपारी ती त्यांच्या केबिनमधून बाहेर येताना दिसली. येऊन ती जागेवर बसली, पर्समधून गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली आणि म्हणाली, "एसीनं डोकं धरलंय माझं." बस, एवढंच. धाकटी वाट पाहत राहिली. संध्याकाळी साहेब जिन्यात भेटले आणि नुसती 'नाही' अशी मान हलवून पुढं गेले.

घरी नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि अडकलेलं काहीही बटण दाबून सुरू होतं असा त्याचा एकंदर विश्वास. "जा आणि सरळ सांग तिला," तो म्हणाला, "तोंड आहे ना तुला?" "मला मागायचं नाहीये, अहो." "मग काय, तिनं ओळखून द्यायचं?" "हो." तो म्हणाला, "नोकरी तुझी जातेय, आणि वाट तू तिची बघतेस. याला काय म्हणावं?" धाकटीनं चिरायची भाजी पुढं ओढली. नोकरी गेली तर घराचे हप्ते, मुलीचं शिक्षण, सगळं एकट्या नवऱ्याच्या खांद्यावर येणार होतं. ते तिला स्वच्छ दिसत होतं आणि त्याची भीतीही वाटत होती. या वयात दुसरीकडे गेलं की विचारणार, आजवर काय केलंत? आणि तिच्याजवळ दाखवायला काय होतं? कुणीतरी खरोखरच तिची सगळी वर्षं उचलून दुसरीच्या खात्यावर जमा केली होती. पण मान खाली घालून भाजी चिरताना तिला जे टोचत होतं ते याहून लहान आणि याहून टोकदार होतं. केसानं गळा कापला म्हणतात, तेव्हा कापणाऱ्याचा हात ओळखीचा असतो, आणि कित्येकदा त्याच हातानं आपल्याला चहा दिलेला असतो. आपलेच दात आपलेच ओठ म्हणून माणूस गप्प बसतो, तसं आपण बसलोय, हे तिला कळत होतं. बोट कापलं गेलं तेव्हाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रडायला बरं निमित्त मिळालं.

मधले दिवस विचित्र गेले. ऑफिसात थोरली जास्तच गोड वागत होती. डब्यातलं अर्धं पुढं करायची, धाकटीच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायची. एका सकाळी धाकटीनं सवयीनं पासवर्ड टाकला आणि तो चालला नाही. "बदलायला लावला त्यांनी," थोरली पडद्याकडे बघतच म्हणाली, "आता नुसते आकडेच असतात, लक्षातही राहत नाहीत माझ्या." नवा काय, हे तिनं सांगितलं नाही आणि धाकटीनं विचारलं नाही. गंमत म्हणजे धाकटीला तिचा धड रागही करता येत नव्हता. आई गेली त्या वर्षी धाकटी कितीतरी दिवस सुन्न बसून असायची, तेव्हा दोघींचं काम एकट्या थोरलीनं ओढलं होतं, कुणाला पत्ता लागू न देता. पत्रं कशी लिहायची, बड्या पुरवठादाराला कुठं टोचायचं, हे सगळं तिनंच शिकवलेलं. मग त्या निळ्या खांबातला कुठला तुकडा कुणाचा? धाकटी बसल्या बसल्या मनातल्या मनात तो खांब कापत राहायची. हे माझं, हे तिचं, हे दोघींचं. काही जागी सुरी चालेना. एखाद्या चतुर उत्तराबद्दल वाटायचं, हे आपलंच, आणि मग थोरलीचा ते बोलतानाचा आवाज कानात यायचा. आगीच्या आठवड्याशी मात्र सुरी सरळ आत जायची. तो आठवडा पूर्ण तिचा होता. त्याला साक्षीदार एकच, आणि ती तेव्हा सलाईन लावून पडलेली होती.

यादी जायच्या आदल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर धाकटी थोरलीच्या घरी गेली. मागायला नाही, असं तिनं स्वतःला बजावलं, नुसतं बसायला. थोरलीनं दार उघडलं, गुडघा धरून बाजूला झाली. "ये गं. मी म्हणतच होते, येशील." चहा झाला, बिस्किटं झाली, थोरलीच्या गुडघ्याचं झालं, सुनेचं झालं. खिडकीतून समोरच्या इमारतीवरचं ऊन उतरत चाललेलं दिसत होतं. मग बोलणं आपोआप यंत्रणेवर आलं, आणि धाकटीनं सकाळी काकांना गेलेल्या निरोपाची गंमत सांगितली. थोरली खूप हसली. "बरोबर आहे, वेडंच आहे ते," ती म्हणाली. "ते काय आपल्यासारखं डोकं चालवणार आहे? आग लागली तेव्हाचं आठव. मी त्या ट्रॉलीवाल्यांना कसं पकडलं होतं. घसा असा बसला होता माझा, की चार दिवस बोलता येत नव्हतं."

धाकटीनं कप खाली ठेवला. "तू तेव्हा दवाखान्यात होतीस," ती म्हणाली.

"छे गं. ऑपरेशन आधीच्या वर्षी."

"त्याच आठवड्यात. मी रोज यायचे संध्याकाळी. तू म्हणायचीस, टाके उसवतील."

"तू यायचीस, ते आठवतंय की. गजरा आणला होतास एकदा." थोरली जरा थांबली, तिनं कपाळावर आठ्या घातल्या, मग ठामपणे मान हलवली. "पण ते आधी. आगीच्या वेळी मी ऑफिसात होते. तो ट्रॉलीवाला मला म्हणाला नव्हता का, बाई, तुम्ही खाटा करता की हॉटेल काढताय?"

ते वाक्य ट्रॉलीवाला धाकटीला म्हणाला होता, आणि धाकटीनंच त्याची नक्कल करून थोरलीला उशाशी बसून सांगितलं होतं. थोरलीच्या तोंडून तीच नक्कल आली, तोच हेल, ओठांचा तोच चंबू. धाकटी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. चेहरा स्वच्छ होता. लबाड माणसाशी भांडता येतं. त्याची नजर चुकते, कुठं बोट ठेवायचं ते कळतं. पण जिला खरोखरच तसं आठवतं तिच्याशी काय भांडणार? त्या आठवडाभर रोज संध्याकाळी ऐकलेलं सगळं हिच्या आत शिरलं आणि हिचंच होऊन बसलं, असंही असेल. आपलंही तसंच काही झालं नसेल कशावरून? धाकटीला दमल्यासारखं झालं. इतके दिवस छातीत धरून ठेवलेला राग असा पायाखालून निसटला आणि तिथं नुसती पोकळी राहिली. म्हणजे हिनं फसवलंच नव्हतं. हिला वाटत होतं, ते हिचंच आहे. हे जास्त बरं की जास्त वाईट, ते तिला ठरवता येईना, पण थोरलीबद्दल पुन्हा जुनी माया दाटून येऊ लागली, इतकी की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

ती उठली. थोरलीही गुडघा सांभाळत दारापर्यंत आली. चपला घालताना धाकटीच्या पाठीवर तिचा हात पडला, जड आणि उबदार.

"तू काळजी करू नकोस," थोरली म्हणाली. "मी उद्या सांगते ना साहेबांना. तू मला खूप मदत करायचीस म्हणून सांगते. ठेवतील ते तुला कुठंतरी."

धाकटीचा एक पाय चपलेत होता, एक फरशीवर. हवं असलेलं वाक्य आलं होतं, न मागता आलं होतं, आणि ते घेतलं की नोकरी कदाचित वाचणार होती. त्या दोन शब्दांचा अर्थ लागायला तिला क्षणभर वेळ लागला. खूप मदत. तिला मुलगी आठवली, हप्ते आठवले, नवऱ्याचं दमलेलं तोंड आठवलं. तिनं दुसरी चप्पल घातली आणि सरळ उभी राहिली.

"नको," ती म्हणाली. "काही सांगू नकोस."

"बरं," थोरली म्हणाली.

क्षणाचाही वेळ न घेता म्हणाली. आणि तिचे खांदे असे सैल पडले, की तिला सगळं नीट आठवतंय, पहिल्यापासून आठवत होतं, हे धाकटीला तिथंच उंबऱ्यावर कळलं.